ओळख सांगायची की बातमी? इंग्रजीतले दोन वर्तमानकाळ

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आता परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलावं लागतं. शाळेत शिकवलं होतं की ‘करतो’ म्हणजे सिम्पल प्रेझेंट आणि ‘करत आहे’ म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअस. दोन्हींचे नियम पाठ आहेत, तरी तोंडातून भलतंच येतं. परवा स्वतःची ओळख करून देताना मी म्हणालो, ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक. आय ॲम वर्किंग ॲज अ क्वालिटी इंजिनिअर. आय ॲम हॅविंग टू डॉटर्स. आय ॲम नॉट ईटिंग नॉन-व्हेज.’ साहेब म्हणाले, चारही वाक्यं सुधारा. का ते सांगितलं नाही. मॅडम, नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमची चारही वाक्यं मी वहीत उतरवून घेतली. नाशिकमध्ये इंग्रजी शिकवताना गेली 22 वर्षं मी हीच वाक्यं ऐकते आहे. सातपूर-अंबडचे इंजिनिअर, परदेशी जायला निघालेल्या नर्स, निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, सगळे हेच बोलतात आणि सगळ्यांचे नियम पाठ असतात. म्हणजे कमतरता पाठांतरात नाही. साहेबांना तुमच्या चारही चुका एकसारख्या वाटल्या असतील, कारण चारही ठिकाणी ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ आलंय. पण त्यांची मुळं तीन निरनिराळ्या ठिकाणी आहेत. पहिल्या दोन वाक्यांचं मूळ एक, तिसऱ्याचं दुसरं आणि चौथ्याचं तिसरंच.

आधी शाळेतला तो नियम बाजूला ठेवू. मीही तो शिकले आणि सुरुवातीची काही वर्षं तसाच शिकवला. तो मराठीलाच लागू पडत नाही, मग इंग्रजीला कुठून पडणार? आईचा फोन येतो, ती विचारते, ‘काय करतेस गं?’ रूप साधं आहे, पण तिला विचारायचंय ते आत्ताचं. इंग्रजीत ते ‘व्हॉट आर यू डुइंग?’ होईल. हाच प्रश्न स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी मुलाला विचारला, ‘काय करता आपण?’, तर ते ‘व्हॉट डू यू डू?’ शालिमार चौकात कुणी ओळखीचा दिसला आणि आपण ‘कुठे जातोस?’ म्हटलं, तर ‘व्हेअर आर यू गोइंग?’ आणि पाहुण्यांना ‘बसा, चहा टाकते’ म्हटलं तर तिथे वर्तमानकाळच उरत नाही, ‘आय विल मेक सम टी’ म्हणावं लागतं. मराठीत सगळीकडे एकच साधं रूप, इंग्रजीत मात्र तीन वेगळे काळ. म्हणून मराठी क्रियापदाचं शेपूट बघून इंग्रजी काळ ठरवायला गेलात की फसाल.

मग ठरवायचं कशावरून? मी वर्गात दोनच शब्द वापरते: ओळख आणि बातमी. सिम्पल प्रेझेंट ओळख सांगतो. माणूस, वस्तू, जागा, कारखाना, नदी, जे काही असेल ते एरवी कसं असतं ते सांगतो. प्रेझेंट कंटिन्युअस बातमी सांगतो. काहीतरी सुरू झालंय, अजून संपलेलं नाही, आणि कधीतरी संपणार आहे.

यासाठी आपली गोदावरी मला फार उपयोगी पडते. ‘द गोदावरी राइजेस निअर त्र्यंबकेश्वर.’ त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवर ती उगम पावते. ही तिची ओळख. आता पावसाळ्यातली एक सकाळ डोळ्यापुढे आणा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवलाय, रामकुंडाजवळची लहान देवळं पाण्यात गेलीत, आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, हे बघायला लोकांची गर्दी झालीय. आता फोनवर काय सांगाल? ‘द गोदावरी इज रायझिंग.’ नदी तीच, क्रियापदही तेच. ‘राइज’ला उगम पावणं आणि चढणं असे दोन अर्थ आहेत हे खरं, पण ऐकणाऱ्याला त्यातला कुठला घ्यायचा हे या दोन रूपांमुळेच कळतं. घाटावर उभं राहून तुम्ही ‘द गोदावरी राइजेस’ म्हणालात तर पलीकडच्याला वाटेल तुम्ही भूगोल सांगताय. आणि नकाशा दाखवताना ‘इज रायझिंग निअर त्र्यंबकेश्वर’ म्हणालात तर तो विचारेल, पूर आलाय का?

आता तुमच्याच शॉपवर या. लॉगबुकात कुणी लिहिलं, ‘मशिन नंबर फोर लीक्स ऑइल.’ मेंटेनन्सवाला ते वाचून समजेल की या मशिनची ही जुनी खोड आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. तेच ‘मशिन नंबर फोर इज लीकिंग ऑइल’ असं लिहिलं तर तो कापूस-बोळा घेऊन धावत येईल. इथे एका ‘इज’मुळे तासाभराचा फरक पडू शकतो. म्हणून मला या विषयाचं एवढं वाटतं. हा नुसता परीक्षेतल्या अर्ध्या गुणाचा प्रश्न नाही.

तुमची पहिली दोन वाक्यं याच मापाने मोजा. तुम्ही ओळख करून देत होतात आणि वाक्यं बातमीची वापरलीत. ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक’ ऐकून परदेशी माणसाच्या मनात येतं की हा इथला नाही, काही दिवसांपुरता राहतोय. कमिशनिंगसाठी, म्हणजे नवं मशिन सुरू करून द्यायला, 3 महिने आलेला आणि गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटवर उतरलेला जर्मन इंजिनिअर तसं म्हणाला तर अगदी बरोबर. तुमचं घर इथे, मुलींची शाळा इथे. तुम्ही ‘आय लिव्ह इन नाशिक’ म्हणायचं. ‘आय वर्क ॲज अ क्वालिटी इंजिनिअर’चंही तेच. आपल्याकडे इंटरव्ह्यूला बसलेले साहेब लोकसुद्धा ‘व्हेअर आर यू वर्किंग?’ विचारतात, आणि भारतीयांच्या आपसातल्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. आपलं इंग्रजी या रूपाकडे झुकलेलं आहेच, त्याची लाज वाटून घेऊ नका. पण ऐकणारा बाहेरचा असेल तेव्हा त्याच्या कानात त्या वाक्याचा अर्थ बदलतो, हे ध्यानात ठेवा.

तो किती बदलतो, याचा एक प्रसंग सांगते. निफाड तालुक्यातले एक बागायतदार माझ्याकडे यायचे. द्राक्षं युरोपला पाठवायची त्यांची पहिलीच दोन-तीन वर्षं होती. तिकडे फळावरच्या औषधांच्या अंशाबद्दल फार कडक असतात, मालाची तपासणी झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. खरेदीदाराने एका औषधाचं नाव घेऊन विचारलं, हे तुम्ही वापरता का? यांनी मोबाइलवरून उत्तर पाठवलं, ‘सर, वी आर नॉट युजिंग दिस केमिकल.’ त्यांनी ते औषध जन्मात कधी हातात धरलं नव्हतं. पण समोरून लगेच विचारणा आली: कधीपासून बंद केलंत? शेवटची फवारणी कुठल्या तारखेला झाली? बिचारे घाबरून वर्गात आले. मी त्यांच्या शेजारी बसून ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘वी डू नॉट यूज दिस केमिकल.’ ही झाली त्यांच्या बागेची ओळख. पहिल्या वाक्यातून खरेदीदाराने घेतलेला अर्थ ‘सध्या वापरत नाही’ असा होता, आणि ‘सध्या’ म्हटलं की ‘आधी’ आलंच. पुढे ते स्वतःच छान वाक्यं करायला लागले. ‘वी प्रून द व्हाइन्स ट्वाइस अ इयर, इन एप्रिल अँड ऑक्टोबर.’ खरड छाटणी आणि गोडी छाटणी, बागेचा दरवर्षीचा क्रम. आणि ऑक्टोबरात फोन आला की, ‘वी आर प्रूनिंग दिस वीक, प्लीज कॉल ऑन मंडे.’

या बागायतदारांची चूक आणि तुमचं चौथं वाक्य ही एकाच घरातली आहेत. मराठीत होकारार्थी वाक्यात ‘खातो’ आणि ‘खातोय’ वेगळे दिसतात. पण नकार आला की साध्या वाक्यातही ‘त’ येऊन बसतो: ‘मी नॉन-व्हेज खात नाही.’ हा ‘खात’ बघितला की डोक्यात ‘ईटिंग’ वाजतं आणि ‘नाही’चं ‘ॲम नॉट’ होतं. ‘मी चहा घेत नाही’, ‘तो कुणाशी बोलत नाही’, ‘आमच्याकडे रविवारी दुकान उघडत नाहीत’, ही सगळी ओळखीची वाक्यं आहेत, पण त्यांचा अवतार चालू काळासारखा. माझ्या अनुभवात मराठी माणसाच्या सगळ्यात जास्त चुका नकारात होतात, आणि पाठ्यपुस्तकं याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत.

यावर औषधही मराठीतच आहे: ‘नाहीये’. स्वतःला विचारा, इथे मी ‘नाही’ म्हणेन की ‘नाहीये’? ‘मी नॉन-व्हेज खात नाही’, म्हणून ‘आय डोन्ट ईट नॉन-व्हेज’. पण ‘श्रावण आहे, मी सध्या नॉन-व्हेज खात नाहीये’ असेल तर तुमचं मूळ वाक्य शंभर टक्के बरोबर: ‘आय ॲम नॉट ईटिंग नॉन-व्हेज दिस मंथ.’ ‘तो माझं ऐकत नाही’ हा स्वभाव, ‘ही डझन्ट लिसन टु मी’. ‘तो माझं ऐकत नाहीये’ ही आत्ताची तक्रार, ‘ही इज नॉट लिसनिंग’. बोलताना आपला ‘नाहीये’ कधी चुकत नाही. आपण तो नकळत नेमका वापरतो, त्याचाच हात धरा.

होकारार्थी वाक्यासाठीही अशी एक खूण आहे, मात्र ती अर्धीच चालते. मराठीत रीती वर्तमानकाळ नावाचा एक काळ आहे: ‘मी रोज गोदाकाठी फिरायला जात असतो.’ शाळेत तो एका तासात उरकतात, पण इंग्रजीच्या सिम्पल प्रेझेंटचा सख्खा भाऊ हाच. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कामाच्या वाक्यात ‘असतो’ घालून बघा. ‘दर सोमवारी आम्ही मीटिंग घेत असतो’ हे पटतं, म्हणून ‘वी होल्ड अ मीटिंग एव्हरी मंडे’. ‘मी आत्ता मीटिंगमध्ये बोलत असतो’ हे पटत नाही, म्हणून ‘आय ॲम स्पीकिंग’. पण ‘मी नाशिकला राहत असतो’ असं कुणी म्हणत नाही, तरी इंग्रजीत तिथे सिम्पलच लागतो. म्हणून राहणं, काम करणं, असणं अशा सलग गोष्टींना ही खूण लावू नका. तिथे ‘सध्यापुरतं की एरवीच?’ एवढंच विचारा.

आता तुमचं तिसरं वाक्य, दोन मुलींचं. इथे गुन्हेगार आहे ‘आहे’. ‘मला दोन मुली आहेत.’ ‘आहेत’ दिसला, तुम्ही ‘ॲम’ लावलात. ‘ॲम’ लागला म्हणून मागून ‘आयएनजी’ आलं. मराठीतला ‘आहे’ दोन कामं करतो. कधी तो स्वतः मुख्य क्रियापद असतो, ‘माझ्याकडे गाडी आहे’, आणि कधी दुसऱ्याचा मदतनीस, ‘मी गाडी धुत आहे’. इंग्रजीत अशा जवळ असण्याच्या ‘आहे’ला ‘हॅव’ लागतं, ‘आय हॅव अ कार’. ‘मला माहीत आहे’ म्हणून ‘आय ॲम नोइंग’ येतं, ‘मला दोन दिवसांची रजा हवी आहे’ म्हणून ‘आय ॲम वाँटिंग’ येतं. त्यात भर म्हणजे आपली ‘तंय’वाली रूपं: कळतंय, दिसतंय, वाटतंय, आठवतंय. मराठीत ती अगदी चोख आहेत. इंग्रजीत मात्र ‘आय अंडरस्टँड’, ‘आय सी’, ‘आय थिंक’, ‘आय रिमेंबर’.

इथे तुम्ही मला अडवाल. मॅडम, ‘आत्ता कळतंय’ ही तर बातमीच झाली ना? आधी कळत नव्हतं, आता कळतंय! शंका रास्त आहे, आणि इथे ओळख-बातमीच्या जोडीला आणखी एक प्रश्न लागतो. ही गोष्ट अर्धी करून सोडता येते का? जेवण अर्ध्यावर सोडता येतं, पत्र अर्धं लिहून ठेवता येतं, चालता चालता थांबता येतं. पण ‘माहीत असणं’ अर्ध्यावर सोडून चहा प्यायला जाता येत नाही. मुली ‘असणं’ मध्येच थांबवता येत नाही. ज्याला करणं म्हणता येत नाही, ज्याची नुसती स्थिती असते, त्याला इंग्रजी कंटिन्युअसमध्ये बसवत नाही. व्याकरणात त्यांना स्टेटिव्ह वर्ब्ज म्हणतात. याद्या पाठ करू नका, त्या परीक्षेनंतर आठवड्यात विसरतात. हा अर्ध्यावर सोडायचा प्रश्न विचारा, तो बहुतेक वेळा उत्तर देतो.

आणि यादी पाठ केल्याचा एक तोटाही आहे. एकच क्रियापद दोन्ही बाजूंना नांदतं. तुमच्या क्वालिटी टेबलावरचंच घ्या. ‘द शाफ्ट वेज टू किलोज’, हे शाफ्टचं वजन. शाफ्ट काही करत नाहीये, तो नुसता तेवढा जड आहे. पण ‘प्लीज वेट, ही इज वेइंग द शाफ्ट’, इथे माणूस काट्यावर वजन करतोय आणि ते काम अर्ध्यावर सोडता येतं. बोअर म्हणजे आतलं गोल भोक: ‘द बोअर मेझर्स 40 मिलिमीटर्स’ आणि ‘शी इज मेझरिंग द बोअर’, तसंच. ‘हॅव’सुद्धा असंच: ‘आय हॅव टू डॉटर्स’, पण दुपारी दीडला फोन आला तर ‘आय ॲम हॅविंग लंच’ म्हणा की खुशाल, कारण तिथे ‘हॅव’ म्हणजे जेवणं. ‘आय थिंक द सॅम्पल इज ओके’ हे मत; ‘आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग द सप्लायर’ हा डोक्यात घोळत असलेला विचार. ‘ही इज रूड’ म्हणजे माणूसच उद्धट. ‘ही इज बीइंग रूड’ म्हणजे एरवी बरा असतो, आज कसा वागतोय बघा. या शेवटच्या जोडीत तर ओळख आणि बातमी इतकी स्वच्छ दिसते की वर्गात मुलांचे चेहरे इथेच उजळतात.

इंग्रजीतही ही वाटणी कायमची नव्हती. चारशे वर्षांपूर्वी समोर पुस्तक उघडून बसलेल्या माणसाला इंग्रज साध्या वर्तमानकाळातही ‘काय वाचता?’ विचारू शकत होता, अगदी आपल्यासारखा. कंटिन्युअसचा वापर वाढला आणि आजची काटेकोर वाटणी झाली ती नंतरच्या शतकांत. म्हणून ‘हे इंग्रजांना उपजत येतं, आपल्याला येणारच नाही’ असं मनात आणू नका.

उलट बाजूची चूकही होते, ती फार कुणी सांगत नाही. मराठीत ‘आयएनजी’चा वासही नसतो आणि इंग्रजीला मात्र ते हवं असतं. ‘साहेब खुर्चीत बसलेत’, ‘त्याने निळा शर्ट घातलाय’, ‘बाळ झोपलंय’, ‘लोक रांगेत उभे आहेत’. आपण या क्रिया पूर्ण झाल्या असं धरतो: बसायची क्रिया संपली, आता तो बसलेला आहे. इंग्रजी त्याच्या पुढची अवस्था चालू मानते: ‘ही इज सिटिंग’, ‘ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘पीपल आर स्टँडिंग इन अ क्यू’. एका मुलीने व्हिडिओ कॉलवर ‘ही हॅज वोर्न अ ब्लू शर्ट’ म्हटलं होतं. मराठीतून विचार केला तर ते चोख भाषांतर आहे, आणि तरी तिथे चालत नाही. त्याहून गंमत ‘आलो!’ची. आई हाक मारते, आपण आतून ओरडतो, ‘आलो, आलो!’ चक्क भूतकाळ. इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग!’

आणखी एक कारण आहे, ते व्याकरणाचं नाही, भीतीचं आहे. सिम्पल प्रेझेंट नावाला सिम्पल. ‘शी वर्क’ला ‘एस’ लावायचा, प्रश्नात ‘डू’ की ‘डझ’ ठरवायचं, ‘डझ’ आला की ‘एस’ काढायचा. बोलताना एवढं कोण सांभाळणार? कंटिन्युअसमध्ये सुटका असते: ‘शी इज वर्किंग’, उलटं केलं की ‘इज शी वर्किंग?’, ‘नॉट’ घातलं की नकार. म्हणून माणूस नकळत त्या वाटेने पळतो. तुम्ही स्वतःचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना ‘आयएनजी’ जास्त येत असेल तर तुमचाही प्रश्न काळाचा नाही, ‘एस’ आणि ‘डझ’चा आहे. मग पंधरा दिवस फक्त त्याचाच सराव करा: एखाद्या सहकाऱ्याचा दिवस सांगा. ‘शी कम्स ॲट एट. शी चेक्स द फर्स्ट पीस. शी डझन्ट साइन विदाउट मेझरिंग.’ तोंडाला वळण लागलं की निम्म्या चुका आपोआप गळतात.

‘ऑलवेज आला की सिम्पल, नाऊ आला की कंटिन्युअस’ अशी खुणेच्या शब्दांची पट्टी मुलांच्या वह्यांत असते. ती ढोबळ आहे. ‘आय नाऊ लिव्ह इन सिडको’ हे बरोबर आहे, कारण घर बदललं आणि आता तीच ओळख झाली. आणि ‘ही इज ऑलवेज पार्किंग इन फ्रंट ऑफ अवर गेट’ हेही बरोबर आहे, त्यात वैताग आहे. ‘ही ऑलवेज पार्क्स’ म्हटलं तर ती नुसती माहिती होते. मराठीत आपण तोच वैताग ‘सारखा आपल्या गेटसमोर गाडी लावत असतो’मधल्या ‘सारखा’वर जोर देऊन काढतो.

बदल सांगायचा असेल तेव्हा मात्र कंटिन्युअसला पर्याय नाही. लासलगावला आवक वाढली आणि भाव उतरायला लागले की ‘ओनियन प्राइसेस आर फॉलिंग’. ‘प्राइसेस फॉल व्हेन अरायव्हल्स इन्क्रीज’ हा बाजाराचा नेहमीचा कायदा झाला. तुमच्या रिपोर्टात ‘रिजेक्शन इज गोइंग डाऊन’ आणि ‘रिजेक्शन गोज डाऊन व्हेन वी चेंज द टूल’ यांत हाच फरक आहे.

उद्याच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. वेळापत्रक असेल तर सिम्पल: ‘द पंचवटी एक्सप्रेस लीव्ज इन द मॉर्निंग.’ तुम्ही स्वतः ठरवलेली भेटगाठ असेल तर कंटिन्युअस: ‘आय ॲम गोइंग टु मुंबई टुमॉरो.’ इथे मराठी ‘उद्या मुंबईला जातोय’ तंतोतंत जुळतं, म्हणून इथे आपण सहसा चुकत नाही. आणि ज्या क्रिया उच्चारताच पूर्ण होतात, ‘आय प्रॉमिस’, ‘आय अपॉलजाइझ’, ‘आय ॲग्री’, त्या साध्याच ठेवा. ‘आय ॲम अपॉलजाइझिंग’ म्हटलं की माफी मागून संपली की नाही असा प्रश्न पडतो.

एक धोक्याची जागा मात्र उरते, आणि तुम्ही तिथे लवकरच पोचाल. समोरचा विचारेल, किती वर्षं आहात तिथे? ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2016’ म्हणू नका, आणि ‘आय वर्क हिअर सिन्स 2016’ही नको. ‘पासून’ आलं की हे दोन्ही काळ रजेवर जातात. ‘आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2016’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2016’. मराठीत ‘2016 पासून इथे काम करतोय’ हे वर्तमानातच बसतं, म्हणून ही चूक फार चिवट असते.

आता तुमची ओळख पुन्हा मांडू. ‘आय लिव्ह इन नाशिक. आय वर्क ॲज अ क्वालिटी इंजिनिअर. आय हॅव टू डॉटर्स. आय डोन्ट ईट नॉन-व्हेज.’ चार वाक्यं, एकही ‘आयएनजी’ नाही. त्यानंतर समोरच्याने ‘सो, व्हॉट आर यू वर्किंग ऑन?’ विचारलं की मग तुमची बातमी येऊ द्या. महिनाभर रात्रपाळी सांभाळत असाल तर ‘दिस मंथ आय ॲम लुकिंग आफ्टर द नाइट शिफ्ट’, ऑडिट जवळ आलं असेल तर ‘वी आर प्रिपेअरिंग फॉर ॲन ऑडिट’, आणि चार नंबरच्या मशिनमधून आजही तेल गळत असेल तर त्याचंही सांगा: ‘इट इज लीकिंग, अँड वी आर फिक्सिंग इट.’